मागाहून नावाची मिरची

१४ ऑक्टोबर
थैल्या सोडल्या. पाचही. मी आंघोळीला गेले तेवढ्या वेळात.
ह्यांचे ऑफिसातले जुने मित्र चहाला आले होते. हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि हसले म्हणे. "वहिनींनं झाडाले लंगोट काहून नेसवले?" झालं. आमच्या साहेबांना लाज वाटली. मलमलच्या पाचही थैल्या काढल्या, घडी घालून दोरीवर ठेवल्या. घडी घालून! लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, स्वतःच्या बनियनची घडी कधी घातली नाही या माणसानं.
मी म्हटलं, माझ्या मिरचीची ती फुलं उमलायच्या आत बांधलेली होती. शेजारी काळी मिरची फुलली आहे, गोल फुलली आहे, लवंगी फुलली आहे. त्यांचा पराग घेऊन येणारी मधमाशी काय पाय पुसून येते?
तर म्हणाले, "मंग बांध ना परत."
परत बांध. दूध नासल्यावर झाकण ठेवायला सांगतात.

१५ ऑक्टोबर
रात्रभर डोकं तापलेलं. सकाळी शांतपणे हिशोब मांडला. त्या पाच फांद्यांवर जे धरेल ते आता खायचं, बी धरायचं नाही. उरल्या त्या सप्टेंबरात थैलीत धरलेल्या नऊ. त्या आधीच धरल्यामुळे त्यांना धोका नाही. खुणेचा पांढरा दोरा पानांत दिसेना म्हणून आज नऊही देठांना लाल धागा बांधला. आता आंधळ्यालाही कळेल की या तोडायच्या नाहीत.
एकच झाड. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणाला दोष देताना स्वतःला विसरणार नाही. गेल्या वर्षीचं बी मी पूर्ण वाळायच्या आत बाटलीत भरलं. बुरशी आली. चाळीस पेरले, तीन उगवले, दोन सप्टेंबरच्या पाण्यात कुजले. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं पोरांना सांगत आले, ओलं बी बंद करू नका.

२ नोव्हेंबर
आज चाखणी. थैलीबाहेरची एक पिकली होती ती. शिळ्या भाकरीचा तुकडा, ताकाची वाटी, घड्याळ.
आधी वास, पिकल्या बोराचा. मग आंबूस गोडी. मग काहीच नाही. दहापर्यंत मोजा, काही नाही. पंधरा, काही नाही. माणूस म्हणतो, ही कसली मिरची. आणि अठराव्याला कानामागून येते. येते तशी जात नाही. मला अठरा, ह्यांना एकवीस.
सहा वर्षांपूर्वी बाळापूरला भावाच्या शेतात बांधाच्या कडेला हिचं पहिलं झाड निघालं, कोणत्या दोन मिरच्यांचं मीलन कोण जाणे. तेव्हापासून दर वर्षी निवडत, थैल्या बांधत, नको ती उपटत इथवर आणली. गेली दोन वर्षं सगळी रोपं आईसारखीच निघाली, एकही वेगळं नाही. म्हणजे जात बसली. नाव मी ठेवलं मागाहून. तीस वर्षं मूर्तिजापूर-अकोला पॅसेंजरनं जाऊन दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या नोंदी लिहिल्या. ही नोंद माझी आहे.
आत्याबाईंनी पण चाखली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तरच्या आहेत, पण तिखटाला आम्हा सगळ्यांच्या वर. चघळत बसल्या. मग म्हणाल्या, "आयशी मिर्ची हाय तुही. पाव्हने गेल्यावर येते."
आळशी म्हणे! हसू आलं. पण ऑक्टोबरचा राग ह्यांच्यावर आहेच.

१९ नोव्हेंबर
बोकड्या.
शेंड्याची चार पानं वळली आहेत, वाटीसारखी. सकाळी दिसली तेव्हा मन मानेना, संध्याकाळी बॅटरी लावून पाहिलं. बोकड्याच, पानं चुरडणारा रोग. एकदा झाड चुरडलं की औषध नाही, फक्त पुढे पसरवणारी माशी मारत बसायचं. निंबोळी अर्क फवारला. हात अजून कडू आहेत.
त्यात भिंतीपलीकडून कमलबाईंनी मान वर काढली. "माय व! केवढ्या लागल्या मिर्च्या! आमच्या घरी तं एक लागत नाई." आत्याबाई ओट्यावर वाल सोलत होत्या, त्यांचा हात थांबला. कमलबाईंकडे असं पाहिलं की ती बाई आपसूक खाली गेली.

३ डिसेंबर
दोन गळल्या. सात राहिल्या.
झाड अर्धं चुरडलेलं. नवीन पान येतं तेच वळून येतं. लाल धाग्याच्या सात मिरच्या मात्र पिकल्या, छान लाल. झाडावरच सुकू द्यायच्या, कातडी सुरकुतली की तोडायच्या. अजून पंधरा दिवस. एवढे पंधरा दिवस झाडानं तग धरायला पाहिजे.
हे विचारतात, "एवढं का लावून घेतेस?" बोलले नाही. बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि आधीच दोन आठवडे या घरात माझाच आवाज चढलेला आहे. मागे जाऊन झाडापाशी बसले आणि रडले. छप्पन्नाव्या वर्षी मिरचीच्या झाडापाशी बसून रडते बाई. आत्याबाई न्हाणीच्या दारात उभ्या होत्या. आत जाऊन चहा ठेवला.

१० डिसेंबर
उद्या बाळापूर. भाच्याचा साखरपुडा, एक रात्र मुक्काम. ह्यांना तीनदा सांगितलं, मागच्या झाडाला हात नाही, पाणी नाही, फवारा नाही, पाहुणे आले तर मागचं दार बंद. म्हणाले, "लिहून दे." लिहून दिलं. दारावर चिकटवलं.
आत्याबाईंना सांगायचं डोक्यातही आलं नाही. त्या कधी झाडाला हात लावत नाहीत.

१२ डिसेंबर
गेल्या.
दुपारी आले. पिशवी ओट्यावर टाकली, चप्पल न काढता मागे गेले. झाडावर एकही लाल नाही. देठसुद्धा नाहीत. आधी वाटलं पोपट. पण पोपट देठासकट, धाग्यासकट नेत नाही.
ओरडले. हे धावत आले, म्हणाले मी काही केलं नाही, दारावरचा कागद दाखवू लागले. तोवर आत्याबाई भिंतीला धरत बाहेर आल्या. शांत. मला म्हणाल्या, "ओरडू नको. म्या घेतल्या."
"कुठं हायेत?"
"चुलीत."
आंघोळीच्या पाण्याच्या चुलीत. काल अमावस्या नव्हती, काही नव्हतं, पण दिवेलागणीला त्यांनी मीठ घेतलं, मोहरी घेतली, सात लाल मिरच्या घेतल्या, आणि दृष्ट काढून निखाऱ्यावर टाकल्या. बी. माझं सगळं बी.
"घरात डबाभर मिर्ची हाय, आत्याबाई!"
"ते देठ मोडलेली हाय. दृष्टीले देठाची लागते. अन् तू तं सात मोजून, लाल धागा बांधून ठेवल्या होत्या. मले वाटलं याच्याचसाठी ठेवल्या."
मी बांधला. लाल धागा मीच बांधला. पांढरा दिसत नव्हता म्हणून.
वर म्हणतात, "पाय, ठसका नाई आला. येवढ्या मिर्च्या जयल्या अन् कोनी खोकललं नाई. किती नजर होती म्हनजे!"
अर्धवट ओली मिरची जळली तर धूर होतो, लगेच ठसका येत नाही. आणि ही मिरची तर मुळातच मागाहून. हे हळूच म्हणाले, "मी खोकललो आई, पन बऱ्याच वेळानं, मांगच्या खोलीत." त्यांना मी तिथेच जाळलं असतं.

१३ डिसेंबर
चुलीतली राख चाळणीनं चाळली. दोनदा. कोळसा झालेली साल, मोहरीचे दाणे. सोळा-सतरा बिया सापडल्या, सगळ्या काळ्या. नखानं दाबल्या, भुगा झाला. शेवटचीही दाबली. ती दाबायला नको होती कदाचित.
आत्याबाई ओट्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, "राखीत हात घालू नको, दृष्ट उलटी येते."
तेव्हा मी बोलले. जे बोलले ते इथे लिहीत नाही. नाही, लिहिते. म्हटलं, "तुमचं वय झालं, पन तुमचा हात नाई थांबला कोनाचं वाटोळं करायचा." त्यांना एक धाकटा मुलगा होता, माझा दीर, लहानपणी तापात गेला. तेव्हाही दवाखान्याआधी दृष्टच काढत बसल्या होत्या, असं या घरात कुजबुजत बोलतात. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले.
त्या उठल्या आणि आत गेल्या. भिंतीलासुद्धा धरलं नाही.

१५ डिसेंबर
त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत. स्वतः करून घेतात, हात थरथरतो, अर्धा ओट्यावर सांडतो. मी पुसते.
हे मधे पडायला आले. "चार मिर्च्यांपायी घराची काय दशा करून राहिली तू."
"सात," मी म्हटलं.
"बरं, सात."
"अन् ऑक्टोबरात थैल्या सोडल्या नसत्या तं चाळीस असत्या."
त्यावर बाहेर गेले, पेपर घेऊन. कालचा पेपर होता.
बाळापूरहून गजाननाचा फोन. त्याला सांगितलं. तर म्हणतो, "ताई, एवढं काय, कृषी केंद्रात दहा ग्रॅमचं पाकीट मियते. पाहिजे तशी मिर्ची." माझा सख्खा भाऊ. ज्याच्या बांधावर ती निघाली तो भाऊ. फोन ठेवला.

१६ डिसेंबर
रागाचं एक बरं असतं, भांडी लख्ख निघतात.

२२ डिसेंबर
आज आत्याबाई बोलल्या. नऊ दिवसांनी. मी जवारी निवडत होते, समोर येऊन बसल्या, सुपातली मूठभर स्वतःकडे ओढून निवडू लागल्या. खाली पाहूनच बोलल्या.
"दृष्ट झाडावरून नाई काढली म्या. तुह्यावरून काढली."
मी एक खडा वेचून बाजूला टाकला.
"तू तं घरी नव्हती. तुह्या उशीवरून काढली. तीन हप्ते झाले, बोलली का भांडन, नाई बोलली का रडनं. मानसाले नजर लागते तं असंच होते. मले काय मालूम त्याच्यात बी होतं."
माझ्या उशीवरून. सात वेळा उतरवली असेल, त्या थरथरत्या हातानं. राग जायला पाहिजे होता ना? गेला नाही. उलट वाढला, कारण आता तो ठेवायलाही जागा राहिली नाही. मी म्हटलं, "मले विचारलं असतं एक डाव."
"इचारून दृष्ट काढतेत का?"
हेही खरंच.
मग त्या म्हणाल्या ते मात्र झोंबलं. "अन् बी असं एकाच घरी ठेवत असतेत का? आमच्या मायच्या इथं कोनी बी मांगतलं तं नाई म्हनत नव्हतो. आपलं गेलं तं त्याच्या घरून आनत होतो. तुह्या भावानं मांगतलं, तू देल्लं नाई. चार घरी देल्लं असतं तं आज मांगायले गेलो असतो."
गजानन तीन वर्षं मागतो आहे. मी दिलं नाही कारण तो चार मिरच्या एकत्र लावतो, जात राहिली नसती. हे मी बरोबरच केलं. शास्त्रानं बरोबर केलं. आणि आज जगात हिचं एक शुद्ध बी नाही. म्हातारीनं दोन वाक्यांत मला गप्प केलं आणि वर माझीच जवारी निवडून दिली. तिडीक गेली डोक्यात.
मी तेराव्या तारखेचं बोलणं मागे घेतलं नाही. तोंडात आलं होतं. सुपातले खडे मोजत बसले.

५ जानेवारी
झाड छाटलं. जमिनीपासून दीड वीत ठेवलं, बाकी सगळं चुरडलेलं तोडून जाळलं. प्रयोगशाळेत असते तर पोरांना सांगितलं असतं, उपटून टाका, रोगी झाड ठेवू नका. ठेवलं. वरून जुन्या मच्छरदाणीचा तंबू केला, माशी आत जाऊ नये म्हणून.
हे स्वतःहून काठ्या ठोकायला आले. एक काठी माझ्या बोटावर ठोकली. काही बोलले नाही मी. म्हणजे बोलले, पण थोडंच.

२६ जानेवारी
चौकात लाउडस्पीकर सुरू. छाटलेल्या खोडावर बुंध्यापासून तीन फुटवे. पानं लहान आहेत, सरळ आहेत की वळायला लागली आहेत ते कळत नाही. सकाळी सरळ वाटतात, संध्याकाळी वाटतं की वळली. एका फुटव्यावर कळी. राळ्याच्या दाण्याएवढी.
ह्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. अमरावतीला, पाच फेब्रुवारी. तपासण्या, ऑपरेशन, पट्टी काढणं, सगळं धरून आठवडा. माझ्या नणंदेकडे उतरायचं.
म्हणजे कळी उमलेल तेव्हा मी इथे नाही. हे सुद्धा नाहीत. घरी कोण? आत्याबाई.

२ फेब्रुवारी
कमलबाईंना सांगावं असं ठरवलं होतं. भिंतीपर्यंत गेलेही. ती म्हणाली, "सांगा ना ताई, रोज पाहीन मी, मोकयं करून हवा देईन." मोकळं करून! परत फिरले.
शेवटी आत्याबाईंसमोर नमुन्याची एक थैली ठेवली. म्हटलं, "अशीच कळीले बांधली हाय. उमलली का रोज सकाळी, दहाच्या आत, थैलीवरून हलकी टिचकी मारायची, म्हनजे पराग झडते. जोरात नाई. हात आत घालायचा नाई. गाठ सोडायची नाई. तंबू उचलला तं लगेच खाली."
त्यांनी थैली हातात घेतली, उलटसुलट पाहिली. "मले सांगू नको. ऑगस्टपासून पायून राहिली म्या तुले. कोनत्या बोटानं टिचकी मारते ते बी मालूम हाय."
"अन् दृष्ट—"
"नाई काढत, बाई. नाई काढत."
माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला हे दान मागितल्यासारखं वाटलं आणि संताप आला. ज्या हातानं जाळलं त्याच हातात द्यायचं. दुसरा हात नाही.

५ फेब्रुवारी, अमरावती
ऑपरेशन नीट झालं. हे पट्टी लावून पडले आहेत आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, किती वाजले. नणंद म्हणते, "वहिनी, तुमी किती चिडचिड्या झाल्या."
घरी फोन केला. "उमललं का?"
"उमललं. पांढरं हाय."
"टिचकी?"
"मारली."
"गाठ?"
"तशीच हाय." मग थोडं थांबून, "तू जेवली का?"
मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की तो त्यांनी बदलला होता, मी नाही.

६ फेब्रुवारी
आज फोन उचलला नाही. चारदा केला. पाचव्यांदा कमलबाईंना केला, तिनं डोकावून सांगितलं, "आत्याबाई मांगं बसल्या हायेत झाडापाशी. खुर्ची टाकून. मोबाईल घरात वाजून राहिला." कशाला बसल्या आहेत? काय करताहेत? कमलबाई म्हणे, काही नाही, नुसत्या बसल्या.
झोप आली नाही. त्या खोटं बोलत असतील का? बोटांचा जोर लागून फूल गळलं असेल आणि सांगवत नसेल? की मीच त्यांना खोटं बोलायला भाग पाडलं आहे, तेरा डिसेंबरला? इथून काहीच कळत नाही. राग यायला पाहिजे तर तोही नीट येत नाही.

९ फेब्रुवारी
आत्याबाईंचा फोन. स्वतः केला. त्यांना फोन लावता येत नाही, कमलबाईंकडून लावून घेतला असणार.
"धरली," म्हणाल्या.
"काय?"
"मिर्ची. फूल वायलं, मांगून हिरवं निंगालं. करंगयीच्या नखायेवढं."
मी गादीवर बसले. ह्यांनी पट्टीच्या डोळ्यानं मान वळवली. मला विचारायचं होतं, पानं सरळ आहेत का? धागा कोणता बांधाल? त्या आधीच बोलत होत्या.
"अन् आयक. गजाननले फोन केला म्या. बी पायजे म्हने. हो म्हटलं. कमलले हो म्हटलं. धामणगावच्या माह्या बहिनीच्या सुनेले हो म्हटलं. अन् कोपऱ्यावरच्या त्या मास्तराच्या पोरीले, ते गच्चीवर लावते. चार घरं झाली."
"आत्याबाई, तिचा अजून दाना नाई तयार!"
"होईन ना."
"अन् गजानन मिसयतो सगळं. मी सांगतलं होतं—"
"मिसयू दे त्याचं. तीन घरी राहीन चांगलं. एका घरचं जयते." मग आवाज बारीक झाला. "एका घरचं जयते, सुमन. मले मालूम हाय."
तिखट कानामागून यावं तसं झालं मला. तेरा डिसेंबरचं मागे घ्यायची ही वेळ होती, आणि मी काय विचारावं? "तंबू नीट लावला का?"
"लावला," म्हणाल्या, आणि ठेवला.
डॉक्टर म्हणतात अजून दोन दिवस इथे. एक मिरची, हिरवी, करंगळीच्या नखाएवढी, बोकड्याच्या झाडावर. पिकायला दोन महिने. आणि तिचं बी मला न विचारता चार घरांत वाटून झालं आहे. मी अजून कोणाला हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही.